पाण्याची वाट

अवर्षण हे जालन्याच्या ललाटीच लिहिलेले आहे, असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. परंतु त्या भागाचा इतिहास पाहू जाता निराळीच गोष्ट दृष्टोत्पत्तीस येते. तेथे ज्यांनी पाण्याचा प्रश्न सोडविला, त्यांनी पाण्यावर हुकूम चालविला नाही. त्याचा स्वभाव आधी ओळखला.

मलिक अंबरच्या अमदानीत, म्हणजे सतराव्या शतकाच्या आरंभी, जालन्याचा कारभार जमशेदखान पाहत असे. त्याने मोती तलाव बांधविला आणि जमिनीखालून नळ घालून तलावाचे पाणी गावातील हौदांत आणले. पाणी उपसणारी इंजिने तेव्हा नव्हती. पाणी उताराकडे धावते, या त्याच्या उपजत ओढीलाच कामास लावावयाचे, एवढीच ती युक्ती. खुद्द मलिक अंबरने खडकीस, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस, जी नहर आणली तिचेही मर्म हेच होय.

पुढे इंजिने आली, विजेचे पंप आले. पाणी चढावावरही नेता येऊ लागले आणि उताराचा अभ्यास मागे पडला. 1972 च्या दुष्काळाने या विस्मरणाची किंमत दाखविली. विहिरी खोल गेल्या. पण विहिरीत पाणी येते कोठून, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर जालना तालुक्यातील कडवंची गावाने शोधले. 1996 पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली, विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या मार्गदर्शनाने, तेथे काम सुरू झाले. या कामाचा खरा गुरू म्हणजे अरण्य. दाट झाडीत पावसाचा थेंब पानांवर, पालापाचोळ्यावर अडखळत उतरतो, धावण्याऐवजी मुरतो. आपला काळा पाषाण पाणी सहजासहजी पीत नाही. त्याच्या भेगांत व वरच्या मुरमाच्या थरात ते हळूहळूच झिरपते. म्हणून त्याला सवड हवी. उघड्या टेकडीवर समतल चर खणले, शेतांना बांध घातले, म्हणजे ती सवड मिळते. काम माथ्यापासून पायथ्याकडे करावयाचे, कारण पाण्याचा प्रवासही तसाच आहे. वर वेग मोडला नाही, तर खालचा बंधारा गाळाने भरतो.

2012 साली पाऊस रुसला. जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. कडवंचीची द्राक्षे मात्र तगली.

तथापि कथा येथे संपवावी, तर ती अपुरी राहील. शेततळे हे आता मराठवाड्यात घरोघरी परिचित झाले आहे. वाहून जाणारे पावसाचे पाणी त्यात साठविले तर ते वरदानच. परंतु पुष्कळ ठिकाणी विहिरीचे, विंधणविहिरीचे पाणी उपसून अस्तर घातलेल्या तळ्यात भरतात. निसर्गाने जे जमिनीच्या पोटात, सावलीत, सर्वांसाठी जपून ठेवले, ते एकाने वर काढून उन्हात पसरावयाचे! त्यातील काही वाफ होऊन जाते, आणि शेजाऱ्याची विहीर लवकर तळ गाठते.

निसर्गापासून युक्ती शिकणे सोपे आहे. संयम शिकणे कठीण. धावत्याला थांबविणे आणि मुरलेले जपून वापरणे, हे एकाच पाठाचे दोन भाग आहेत. पहिला भाग कडवंचीने आपल्याला गिरवून दाखविला. दुसरा गिरविल्यावाचून पुढील अवर्षणाला तोंड देता येणार नाही.