फुरसुंगीचा फेणे, भूगावचा शेख

पुण्याचा चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याने मुळशीकडे निघाले, की बावधन मागे पडते आणि भूगाव लागते. मुळशी तालुका भाताचा. जिथे खाचरे होती, तिथे आता इमारती आहेत. त्या इमारती बांधायला, त्यांत फरशा बसवायला, खिडक्यांचे गज जोडायला आणि भिंती रंगवायला माणसे सोलापूर, लातूर, बीडकडून आली. त्यांत आपली माणसेही बरीच. त्यांची मुले मराठी शाळेत जातात, घरी दखनी बोलतात आणि संध्याकाळी अरबीचा सबक घेतात. या मुलांसाठी आम्ही घरात गोष्टींच्या पुस्तकांची एक पेटी ठेवली आहे. रविवारी मुले येतात, पुस्तके उलटीपालटी करतात आणि चित्रे पाहून निघून जातात.

एके रविवारी पाचवीतला एक मुलगा मात्र उठेना. एरवी तो अक्षरावर बोट ठेवून अडखळत वाचणारा. हातात 'फास्टर फेणे'चे पुस्तक होते. पानावर चार कठीण शब्द आले तरी तो थांबला नाही, कारण पुढे काय होते हे त्याला कळायला हवे होते. अम्मीने दोनदा हाक मारली, तेव्हा पानात बोट घालूनच तो घरी गेला. त्या बोटाने आम्हाला विचार करायला लावले. मुलांना वाचते करणारी ही सोपी, चटपटीत कथामालिका मराठीत आली कुठून? आणि तिच्या इतिहासात आपण, म्हणजे मराठी मुसलमान, नेमके कुठे आहोत?

मराठीत मुलांसाठी छापील गोष्टींची सुरुवात अनुवादाने झाली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 1828 मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या. त्या बोधकथा होत्या. गोष्ट लहान आणि तिच्या शेपटाला तात्पर्य बांधलेले. एक गोष्ट संपली की तिथले प्राणी कायमचे रजा घेत. मूल त्यांची वाट पाहत नसे. 1861 पासून कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीवरून 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला घेतल्या आणि ते काम पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी चालवले. इथे मराठी वाचकाला वेगळीच चव लागली. शहरजाद रोज रात्री गोष्ट अशा जागी थांबवते, की बादशहाला दुसऱ्या रात्रीपर्यंत तिला जिवंत ठेवणे भाग पडते. आजच्या कोणत्याही कथामालिकेचा प्राण याच युक्तीत आहे. तात्पर्यापेक्षा पुढची रात्र महत्त्वाची. सिंदबाद एका सफरीतून परत येतो आणि पुन्हा सात समुद्रांवर निघतो. तोच नायक, नवे संकट, पुन्हा घर. ज्या परंपरेला आपण आपली म्हणतो, तिने मराठी गोष्टीला हे दिले. हे आपण स्वतःला फारसे सांगत नाही, म्हणून इथे सांगितले.

पण खरी कथामालिका जन्माला यायला नियतकालिक लागते. लेखक दर महिन्याला लिहील आणि मूल दर महिन्याला वाट पाहील, अशी सोय हवी. बंगालीत उपेंद्रकिशोर राय यांनी 1913 मध्ये 'संदेश' काढले. 1961 मध्ये नातू सत्यजित राय यांनी ते पुन्हा सुरू केले आणि त्याच पानांतून 1965 मध्ये फेलूदा हा गुप्तहेर चालत बाहेर आला. पुढे अशोक जैन यांच्या अनुवादांतून तो मराठीतही आला. मराठीत वा. गो. आपटे यांचे 'आनंद' त्याही आधीचे, 1906 चे. भा. रा. भागवतांनी 1951 मध्ये 'बालमित्र' सुरू केले. बालभारतीचे 'किशोर' 1971 पासून निघू लागले. या मासिकांनी लेखकांना एक शिस्त लावली. प्रकरण लहान ठेवायचे, वाक्य आखूड ठेवायचे आणि शेवटी मुलाला अधांतरी सोडायचे.

ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' या मराठी मालिकांतला वडीलधारा. तो पोरका मुलगा, मध्यमवर्गीय घरात आश्रयाला आलेला. साहस त्याचेही आहे, पण ते घरातले, शाळेतले, शेजारचे. 1990 मध्ये तो दूरदर्शनवर आला, तेव्हा आपल्या मोहल्ल्यांतल्या घरांतही तो पाहिला गेला. 'चिंगी' ही त्याच लेखकाची. मग आला भागवतांचा बनेश फेणे. फुरसुंगीचा, किडकिडीत, सायकलवर वाऱ्यासारखा सुटणारा, तोंडाने 'ट्टॉक' करणारा आणि पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा. भागवतांनी त्याची वीस पुस्तके लिहिली. इंग्रजीत एनिड ब्लायटन यांच्या 'फेमस फाइव्ह'ची 1942 ते 1963 या काळात एकवीस पुस्तके झाली, हे लक्षात घेतले तर मराठीसारख्या भाषेत एकट्या माणसाने वीस पुस्तके उभी करणे केवढे काम होते ते कळते. शिवाय जूल व्हर्नची रूपांतरे त्यांनी केली ती वेगळीच. 1987 मध्ये फेणे दूरदर्शनवर आला आणि 2017 मध्ये मोठा होऊन सिनेमात गेला. 'बोक्या सातबंडे' लिहिणाऱ्या दिलीप प्रभावळकरांनी त्या सिनेमात खुद्द भागवतांचीच भूमिका केली. एका मालिकेच्या लेखकाने दुसऱ्या मालिकेच्या लेखकाला दिलेली ती सलामीच म्हणायची.

फेणेची जादू कशात आहे? आमच्या मते तो पुण्याचा नाही यात. फुरसुंगी हे त्या काळी पुण्याच्या वेशीबाहेरचे गाव. गावचा पोरगा सायकलीवरून शहरात येतो, शहर पादाक्रांत करतो आणि शहाण्यासुरत्यांची फजिती करतो. वेशीवरच्या मुलाला शहराचे नायकपण देणारी ही कल्पना होती. आज भूगावही तसेच वेशीवरचे गाव आहे. डिसेंबर 2017 मध्ये महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या इथे झाल्या, तेव्हा चार दिवस साऱ्या महाराष्ट्राचे डोळे भूगावकडे लागले होते. एरवी शहर या गावाकडे घरांचे भाव विचारायलाच येते. इथल्या मुलाला चांदणी चौकातून सायकल काढणे आज शक्य नाही. पण त्याच्या मनातली सायकल तीच आहे.

आता घरचे सांगतो. 1970 च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही लहानाचे मोठे झालो. नगरवाचनालयातून फेणे आणायचा आणि भावंडांनी पाळीपाळीने वाचायचा, असा शिरस्ता होता. एक प्रत वालिदसाहेबांनी रद्दीतून विकत आणली. ती आमच्या मालकीची पहिली गोष्ट. भाईजानने तिच्या पहिल्या पानावर 'फेणे' या शब्दावर रेघ मारली आणि वर शाईने लिहिले, 'फास्टर शेख'. त्याला कोणी काही शिकवले नव्हते. त्याला फेणेचा राग नव्हता, उलट जीव होता. त्याला फक्त आत शिरायचे होते आणि दारावर नाव दुसऱ्याचे होते. वालिदसाहेबांनी पुस्तक खराब केले म्हणून एक चापट दिली. पुढे अनेक वर्षे आम्ही ती गोष्ट गंमत म्हणून सांगत आलो. आता ती गंमत वाटत नाही.

इथे एक आक्षेप येईल. साहित्याला जातधर्म नसतो, फेणे सगळ्यांचाच, मग हा हिशेब कशाला? आक्षेप खोटा नाही. फेणेने आम्हाला मराठी दिली, धीट केले. त्याचे उपकार आम्ही नाकारत नाही. पण अमेरिकेतल्या रुडीन सिम्स बिशप या अभ्यासिकेने 1990 मध्ये एक साधी गोष्ट मांडली. मुलांचे पुस्तक ही दुसऱ्याच्या जगात पाहायची खिडकी असते आणि स्वतःला पाहायचा आरसाही असतो. आमच्या मुलांना मराठीने खिडक्या भरपूर दिल्या. आरसा दिला नाही. आणि शेजारच्या घरातल्या मुलाला आमच्या घरात डोकावायची खिडकीही दिली नाही. नुकसान दोघांचे झाले.

याचा दोष भागवतांवर किंवा ताम्हनकरांवर टाकणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. त्यांनी आपल्या ओळखीचे घर लिहिले. आमचे घर आम्ही लिहायचे होते. योगायोग असा, की त्याच 1990 मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते. आम्ही मराठीत लिहितो, हे सिद्ध करण्याचा तो काळ होता. त्याआधी 1965 मध्ये हमीद दलवाईंची 'इंधन' आली होती. कथा, कविता, आत्मकथन, वैचारिक लेख असे पुष्कळ लिहिले गेले. प्रश्नही तसेच होते. फाळणीचे ओझे, दंगली, तलाक, गरिबी, ओळख. 1992 नंतर तर लेखणीला उसंतच राहिली नाही. या सगळ्यात मूल राहून गेले. जे मूल आले ते मोठ्यांच्या कथेत आले, बहुधा दंगलीच्या रात्री, रडत.

दुसरे कारण भाषेचे. मुलांसाठी काही वाचायचे तर ते उर्दूत, ही घराघरातली समजूत होती. उर्दूने ते काम केलेही. जामियाचे 'पयाम-ए-तालीम', दिल्लीचे 'खिलौना', नंतर मुंबईचे 'गुल बूटे' यांनी पिढ्या वाढवल्या. पण ज्याची शाळा मराठी आणि लिपी देवनागरी, त्या मुलाच्या वाट्याला काय आले? पैगंबरांच्या जीवनाची पुस्तिका, नमाजची पुस्तिका आणि शाळेचे पाठ्यपुस्तक. तिन्ही आवश्यक. पण या तिन्हींत एकही मुलगा सायकलवरून पडत नाही, कोणाचा माग काढत नाही आणि खोटे बोलून अम्मीकडून मार खात नाही.

तिसरे कारण आम्हाला सर्वात खोल वाटते. मालिका लिहायला एक भरवसा लागतो. नायक पुस्तकाच्या शेवटी सुखरूप घरी येईल, घर जागेवर असेल आणि पुढच्या पुस्तकात तो पुन्हा निघेल, हा तो भरवसा. या मालिकांतला मुलगा चोराचा सुगावा लागताच बेधडक पोलिस चौकीत जातो. फौजदारसाहेब आपले ऐकतील याबद्दल त्याला शंका नसते. आपल्या लेखकाने तेच वाक्य लिहायला घेतले, की त्याची लेखणी अडते. आपला मुलगा रात्री संशयिताच्या मागावर गल्लीत फिरतो आहे असे लिहिताना त्याच्या मनात येते, याच्यावरच संशय घेतला तर? तिथे साहस संपते आणि समस्याप्रधान कथा सुरू होते. आपण मालिका लिहिली नाही, कारण रोजच्या साध्या दिवसावर आपला विश्वास बसला नाही. पण मुलांचा त्यावर विश्वास असतो. भाईजानने पानावर नाव लिहिले तेव्हा त्याला ही शंका शिवलीसुद्धा नव्हती.

दूरदेशी हे करून पाहिले गेले आहे. अमेरिकेत सादिया फारूकी यांनी 2018 पासून 'यास्मिन' नावाच्या छोट्या मुलीची सोप्या वाचनाची मालिका सुरू केली. यास्मिनचे घराणे पाकिस्तानी आहे. तिच्या घरी नानी, बाबा आहेत, पण तिच्यापुढचे प्रश्न शाळेतल्या नकाशाचे आणि कोड्याचे आहेत. ब्रिटनमध्ये झनिब मियाँ यांचा उमर 2019 पासून मालिकेतून धमाल करतो आहे. रोजे, ईद, मशीद हे सगळे तिथे आहे. पण ते हवेसारखे आहे. त्याचे व्याख्यान होत नाही.

सोपे लिहिणे म्हणजे कमी दर्जाचे लिहिणे, असा आपल्यात समज आहे. 1957 मध्ये डॉ. स्यूस यांनी जेमतेम 236 वेगवेगळे शब्द वापरून 'द कॅट इन द हॅट' लिहिले आणि त्या शब्दांत बसवायला त्यांचे बरेच महिने गेले. आपल्याकडची गरज तर अधिक मोठी. 'असर'च्या 2022 च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातली पाचवीतली निम्म्याहून कमी मुले दुसरीचा उतारा नीट वाचू शकली. अशा मुलाच्या हाती जाडजूड ग्रंथ देऊन उपयोग नाही. त्याला चाळीस पानांचे, मोठ्या टायपाचे पुस्तक हवे आणि त्याच नायकाचे दुसरे, तिसरे, चौथेही हवे. ओळखीचा नायक हा अडखळणाऱ्या वाचकाचा आधार असतो. अर्धी माणसे आधीच माहीत असतात, म्हणून पुढचे पुस्तक निम्मे सोपे होऊन येते.

म्हणून आमची या अंकाच्या लेखकांना विनंती आहे. आदर्श मुलगा लिहू नका. एकात्मतेचा पुतळाही लिहू नका. भूगावात वेल्डिंगच्या दुकानाशेजारी राहणारा, घरी दखनी आणि शाळेत मराठी बोलणारा, सबक चुकवून तळ्याकडे पळणारा एक द्वाड मुलगा लिहा. त्याला एक हुशार बहीण द्या, आणि शक्य तर तिलाच नायिका करा. हरवलेली सायकल, बंद पडलेल्या इमारतीतला उजेड, मुकादमाने बुडवलेली मजुरी एवढी रहस्ये इथे पायाखाली पडली आहेत. त्याला चौकीतही पाठवा. फौजदाराने ऐकले पाहिजे, असे आधी पुस्तकात तरी घडू द्या. आणि एकावर थांबू नका. भागवत वीस पुस्तकांपर्यंत गेले होते.

त्या पाचवीतल्या मुलाने फेणे परत आणून दिला. आम्ही पहिले पान उघडून पाहिले. त्याने काही लिहिले नव्हते, पान कोरे होते. आम्हाला बरे वाटले की वाईट, हे अजून ठरत नाही. जाताना त्याने एवढेच विचारले, "याचं दुसरं आहे का?" फेणेचे दुसरे होते, ते दिले. त्याला द्यायचे जे आमचे आहे, ते अजून कोणी लिहायचे आहे.