चाउ, केरीदा!

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक किरकोळ काम आलं होतं. आमच्या सॉफ्टवेअरमधून ग्राहकांना जाणारी पत्रं ब्राझीलसाठी पोर्तुगीजमध्ये आणायची होती. पहिलीच ओळ म्हणजे ‘डियर’, आणि पुढे ग्राहकाचं नाव. एका शब्दाला असा किती वेळ लागणार, म्हणून मी तासाभराचा अंदाज दिला. तो अंदाज साफ चुकला.

पहिली अडचण लिंगाची. पोर्तुगीजमध्ये विशेषण माणसाप्रमाणे बदलतं. पुरुष असेल तर ‘प्रेझादु’, बाई असेल तर ‘प्रेझादा’. ग्राहक बाई आहे की पुरुष, हे आमच्या डेटाबेसला ठाऊक नव्हतं. इंग्रजीला त्याची कधी गरजच पडली नव्हती.

दुसरी अडचण जास्त रंजक निघाली. ‘डियर’साठी पोर्तुगीजमध्ये एक शब्द नाही, निदान तीन आहेत, आणि त्यांची सलगीची पायरी वेगवेगळी आहे. ‘प्रेझादु’ कार्यालयीन. हा शब्द ‘किंमत’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. ज्याची आपण किंमत ठेवतो तो. ‘कारु’ त्याहून थोडा मोकळा, आणि त्याचा अर्थ चक्क ‘महाग’. नामाच्या आधी आला तर जिव्हाळा, नंतर आला तर किंमत. ‘कारु आमीगु’ म्हणजे प्रिय मित्र, पण ‘रेलॉझिउ कारु’ म्हणजे महागडं घड्याळ. हसू येतं, पण इंग्रजीची गोष्टही तीच आहे. जुन्या इंग्रजीत ‘डियर’च्या मूळ शब्दाला मौल्यवान आणि लाडका असे दोन्ही अर्थ होते, आणि ‘महाग’ या अर्थाने तो ब्रिटनमध्ये अजून वापरतात. आपला ‘प्रिय’ मात्र बाजारातून आलेला नाही. त्याचं नातं लागतं ते इंग्रजीतल्या ‘फ्रेंड’शी.

तिसरा शब्द ‘केरीदु’, स्त्रीलिंगी ‘केरीदा’. हाही किमतीच्या कुळातला नाही. ‘शोधणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाचा प्रवास पोर्तुगीजमध्ये ‘हवं असणे’पर्यंत झाला. जे हवंहवंसं वाटतं ते केरीदु. घरात, मैत्रीत, प्रेमात हाच शब्द. अनोळखी बाईला कुणी ‘केरीदा’ म्हटलं, तर त्यात ‘बाई गं, तुला काय कळतंय’ असाही सूर लागू शकतो. ही धार किती जाते, ते ब्राझीलने २०१६ साली पाहिलं.

१६ मार्च २०१६. ‘लावा जातु’ भ्रष्टाचार प्रकरणाच्या तपासात माजी राष्ट्राध्यक्ष लुला यांचा फोन टॅप होत होता. देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष जिल्मा रूसेफ यांनी त्यांना फोन केला. लुलांच्या मंत्रिपदाचा कागद पाठवते आहे, गरज पडली तर वापरा, असं त्या म्हणाल्या. लुलांनी निरोप घेतला: ‘चाउ, केरीदा.’ न्यायाधीश सेर्जिउ मोरो यांनी ते संभाषण त्याच दिवशी खुलं केलं. टॅपिंग थांबवण्याचा आदेश निघाल्यानंतरचं ते होतं, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने ते पुरावा म्हणून रद्द ठरवलं. पण तोवर ते दोन शब्द देशभर झाले होते.

१७ एप्रिलला कनिष्ठ सभागृहात महाभियोगाचं मतदान झालं, तेव्हा विरोधकांच्या हातात ‘चाउ, केरीदा’चे फलक होते. ठरावासाठी ३४२ मतं हवी होती. बाजूने ३६७ पडली, विरोधात १३७. एका जुन्या सहकाऱ्याचा मायेचा शब्द, आणि शेकडो खासदार, त्यातले बहुतेक पुरुष, तोच शब्द एका बाईला घालवून देण्यासाठी वापरत होते. इंग्रजी बातम्यांत त्याचं कुठे ‘डियर’ झालं, कुठे ‘डार्लिंग’. पहिल्यात टोमणा विरघळतो, दुसऱ्यात उगाच प्रेमप्रकरणाचा वास येतो. आणि शब्दाच्या शेवटचा ‘आ’, जो ऐकताच समोर बाई आहे हे कळतं, तो दोन्हीत नाही. माझ्या मते फलकावरचा खरा डंख त्या ‘आ’त होता.

३१ ऑगस्टला सिनेटने ६१ विरुद्ध २० मतांनी जिल्मांना पदावरून दूर केलं. महाभियोगाला वाट करून देणारे सभापती एदुआर्दु कुन्या यांच्यावरही तीच वेळ आली. १२ सप्टेंबरला त्यांची खासदारकी ४५० विरुद्ध १० मतांनी गेली. त्यांच्या विरोधकांना नवी घोषणा शोधावी लागली नाही. शेवटचा एक स्वर बदलला, की झालं: ‘चाउ, केरीदु!’

हे सगळं वाचत बसल्यामुळे माझं तासाभराचं काम आठवडाभर लांबलं. मराठी पत्रात आपण कधीकाळी वडिलांना ‘तीर्थरूप’ आणि धाकट्याला ‘चिरंजीव’ लिहीत होतो. नातं ठरल्याशिवाय पहिली ओळ लिहिताच येत नसे. आमच्या सॉफ्टवेअरचं ग्राहकाशी कसलंच नातं नव्हतं. शेवटी मी विशेषणच काढून टाकलं. ब्राझीलला जाणारी आमची पत्रं आता ‘ओला’ने, म्हणजे साध्या ‘नमस्कारा’ने, सुरू होतात.