‘फ्रँकेन्स्टाइन’: वीज पडलेल्या झाडाचा इशारा

१/ १ जानेवारी १८१८. लंडनमध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी तीन खंडांत प्रसिद्ध झाली. प्रती अवघ्या ५००, आणि लेखकाचे नाव कुठेही नाही. लेखिका मेरी शेली तेव्हा २० वर्षांची होती. या भयकथेत विनाशाची चाहूल फार आधी लागते. पण तो इशारा नेमका कशाविरुद्ध आहे?

२/ कथेचे बीज १८१६ च्या उन्हाळ्यात पडले. आदल्या वर्षी इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता. त्यामुळे युरोपात उन्हाळा जणू आलाच नाही. जिनिव्हा सरोवराकाठी पावसाने कोंडलेल्या मित्रमंडळींना कवी बायरनने सुचवले : प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी.

३/ तो काळ विजेच्या कुतूहलाचा होता. गॅल्व्हानीने विजेच्या साहाय्याने मृत बेडकांचे पाय हलवून दाखवले होते. १८०३ मध्ये त्याचा भाचा अल्दिनी याने लंडनमध्ये फाशी दिलेल्या कैद्याच्या शवावर प्रयोग केला, तेव्हा शवाचा जबडा थरथरला आणि एक डोळा उघडला.

४/ कादंबरीत पंधरा वर्षांच्या व्हिक्टरसमोर एका जुन्या ओक वृक्षावर वीज कोसळते. सकाळी उरते ते केवळ जळके खोड आणि लाकडाच्या चिरफळ्या. त्याला भुरळ घालणारी शक्तीच संहारक आहे, हा पहिला पूर्वसंकेत. पुढे सर्वस्व गमावलेला व्हिक्टर स्वतःलाच वीज पडलेले झाड म्हणवतो.

५/ दुसरा संकेत कथेच्या चौकटीत आहे. उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या वॉल्टनला बर्फात मरणासन्न व्हिक्टर सापडतो. ज्ञानाची तीच तहान वॉल्टनमध्ये दिसल्यामुळेच तो आपली कहाणी सांगतो. शेवट दुःखद आहे, हे वाचकाला आरंभीच कळलेले असते.

६/ मग अपराध शोधाचा होता का? निर्मितीने डोळे उघडताच व्हिक्टर घाबरून खोलीबाहेर पळतो. तिला तो नावही देत नाही. तिच्या हातून हत्या घडतात त्या नंतर, माणसांनी वारंवार झिडकारल्यावर. निर्माण केलेल्याची जबाबदारी टाकणे, हे खरे पाप.

७/ १८३१ च्या सुधारित आवृत्तीत मेरीने व्हिक्टरच्या तोंडी नियतीची भाषा अधिक घातली. दरम्यान तिने दोन अपत्ये आणि पती गमावले होते. त्याच संकेतांवर आता अटळतेची छाया पडली.

८/ तरीही शेवट दोन्ही आवृत्त्यांत तोच राहिला. खलाशी परतण्याची मागणी करतात. व्हिक्टर त्यांना भ्याड ठरवून पुढे जाण्यास चिथावतो. स्वतःच्या कथेचा बोध त्यालाच झालेला नसतो. वॉल्टन मात्र सोबत्यांच्या प्राणांचा विचार करून जहाज माघारी वळवतो. इशारा ऐकणारा एक तरी माणूस मेरीने कथेत ठेवला.