मुरलीकांत पेटकर : क्रीडाकारकीर्द आणि विलंबित राजमान्यता

स्वतंत्र भारताच्या क्रीडा इतिहासात 1972 हे वर्ष सामान्यतः म्युनिक ऑलिंपिकमधील हॉकीच्या कांस्यपदकासाठी स्मरले जाते. त्याच वर्षी ऑगस्टच्या पूर्वार्धात, त्याच पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे एका मराठी जवानाने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले होते. अपंगांच्या ऑलिंपिकमधील भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्ण होय. या घटनेची नोंद राष्ट्रीय स्मृतीत इतक्या उशिरा का व्हावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मुरलीकांत पेटकर यांचा जन्म 1 नोव्हेंबर 1944 रोजी सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे झाला. लष्कराच्या ईएमई विभागात असताना मुष्टियोद्धा म्हणून त्यांनी नाव मिळवले. 1965 च्या भारत-पाक युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले आणि मुष्टियुद्ध संपले. उपचाराचा भाग म्हणून सुरू झालेले पोहणे हीच पुढे त्यांची ओळख ठरली. 1968 मध्ये तेल अवीव येथे ते टेबल टेनिस खेळले. 1970 च्या एडिंबरो येथील अपंगांच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी 50 मीटर मुक्त शैलीत सुवर्ण, भालाफेकीत रौप्य व गोळाफेकीत कांस्य मिळवले. हायडेलबर्गला त्यांनी 50 मीटर अंतर 37.33 सेकंदांत पार करून विश्वविक्रम केला. शिवाय भालाफेक, नेमबद्ध भालाफेक आणि चाकाच्या खुर्चीवरील अडथळ्यांची शर्यत या तिन्ही प्रकारांत अंतिम फेरी गाठली. पाणी आणि मैदान या दोहोंवरील हे प्रभुत्व पदकाइतकेच लक्षणीय आहे. चरित्रपर लेखनात मात्र ते एका ओळीत उरकले जाते.

पुढे ते पुण्यात टेल्कोच्या नोकरीत राहिले. अर्जुन पुरस्कार 1961 पासून अस्तित्वात होता. परंतु 1982 मध्ये त्यासाठी पेटकरांनी केलेली मागणी मान्य झाली नाही. याचा दोष केवळ अनास्थेला देणे अपुरे ठरेल. त्या काळी या स्पर्धा रुग्णांच्या पुनर्वसनाशी निगडित स्टोक मँडव्हिल क्रीडास्पर्धा म्हणून ओळखल्या जात. त्यांची आंतरराष्ट्रीय समिती 1989 मध्ये स्थापन झाली. पाठपुरावा करणारी बळकट राष्ट्रीय संघटना नसेल, तर विश्वविक्रमही कागदावरच राहतो. खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले, त्यांनाही अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. तेव्हा हा प्रश्न केवळ अपंगत्वाचा नव्हता, हेही ध्यानात घ्यावे लागते.

देवेंद्र झाझरिया यांनी 2004 मध्ये अथेन्सला भालाफेकीचे सुवर्ण जिंकले व त्याच वर्षाचा अर्जुन पुरस्कार त्यांना लाभला. पेटकरांना पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. त्यांच्या जीवनावरील ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट 2024 मध्ये प्रदर्शित झाला. लोकमान्यता अशी आधी आली. 17 जानेवारी 2025 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्यांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार प्रदान करण्यात आला, तेव्हा ते 80 वर्षांचे होते.