हरवलेल्या भूतकाळाचा शोध

मलिकंबराचें नांव महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. हबसाणांतून गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष निजामशाहीचा आधारस्तंभ झाला, म्हणून इतिहासानें त्याची नोंद ठेवली. परंतु अटलांटिक महासागरापलीकडे नेण्यासाठीं जीं सुमारें सव्वा कोटि आफ्रिकी माणसें जहाजांवर चढविण्यांत आलीं, त्यांच्या वंशजांना अमेरिकेंत दीर्घकाळ हेंच ऐकावें लागलें कीं, आफ्रिकेस इतिहास नाहीं, आणि तेथून जें कांहीं बरोबर आलें तें वाटेंतच नष्ट झालें. ज्यास भूतकाळ नाहीं त्यास हक्क तरी कसले, असें म्हणणें मग सोपें जातें.

या समजुतीस संघटित उत्तर देणाऱ्यांत कार्टर वुडसन हे अग्रगण्य होत. यांचे आईबाप गुलामगिरींत राहिलेले. स्वतः यांनीं तरुणपणीं कोळशाच्या खाणींत काम केलें. १९१२ सालीं हार्वर्डची डॉक्टरेट मिळविल्यावर १९१५ सालीं शिकागो येथें त्यांनीं कृष्णवर्णीयांच्या जीवनाचा व इतिहासाचा अभ्यास करणारें मंडळ स्थापिलें, आणि पुढील वर्षीं त्याचें त्रैमासिक सुरू केलें.

मानवशास्त्राच्या बाजूनें हा प्रश्न मेल्विल हर्स्कोविट्स या गोऱ्या अमेरिकन पंडितानें हातीं घेतला. १९३१ सालीं पश्चिम आफ्रिकेंतील दाहोमे येथें, आणि १९३९ सालीं त्रिनिदाद बेटावर, त्यानें पत्नीसह लोकांत राहून माहिती जमविली. त्रिनिदादांत आपल्या भिशीसारखी एक पद्धति त्यास आढळली. ठराविक रक्कम सर्वांनीं जमवावयाची आणि पाळीपाळीनें एकेकानें उचलावयाची. तिचें नांव 'सुसु'. आफ्रिकेंतील योरुबा लोक तिलाच 'एसुसु' म्हणतात. साखळदंडांतून माणसाबरोबर त्याचा व्यवहारही समुद्र ओलांडून आला होता! अशा पुराव्यांवर १९४१ सालीं त्याचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. फ्रँकलिन फ्रेझियर या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञास मात्र हें मत मान्य नव्हतें. गुलामगिरीनें जुने धागे तोडूनच टाकले, असें त्याचें प्रतिपादन होतें.

१९५७ सालीं आफ्रिकेच्या अभ्यासकांची 'आफ्रिकन स्टडीज असोसिएशन' ही संस्था न्यूयॉर्क येथें स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष हर्स्कोविट्स. सूत्रें मुख्यतः गोऱ्या विद्वानांच्या हातीं राहिलीं. १९६९ सालीं माँट्रियल येथील अधिवेशनांत कृष्णवर्णीय सभासदांनीं कामकाज थांबविलें आणि कार्यकारी मंडळांत निम्मा वाटा मागितला. मागणी मान्य झाली नाहीं. पुष्कळांनीं जॉन हेन्रिक क्लार्क यांच्या नेतृत्वाखालील 'आफ्रिकन हेरिटेज स्टडीज असोसिएशन' या निराळ्या मंडळाची वाट धरली.

परक्यानें परिश्रमानें जमविलेला पुरावा मोलाचा असतो, यांत शंका नाहीं. परंतु पूर्वजांची कथा जेथें ठरते त्या बैठकींत वंशजांस जागा नसेल, तर तें ज्ञान अपुरेंच राहतें. वुडसन यांनीं १९१५ सालीं जें ओळखलें होतें, तेंच १९६९ सालीं पुनः सांगावें लागलें.