एच.आय.व्ही.बाधित माता व बालके : त्यांच्या वतीने कोणी बोलावे?

गरोदर मातेस एच.आय.व्ही.ची लागण असेल आणि काहीच उपचार झाले नाहीत, तर गर्भावस्था, प्रसूती व स्तनपान या काळात शंभरपैकी १५ ते ४५ बालकांना लागण होते. वेळेवर औषधे मिळाल्यास हे प्रमाण ५ च्याही खाली येते. भारतात शासकीय केंद्रांतून एआरटी औषधे एप्रिल २००४ पासून विनामूल्य मिळू लागली, आणि २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर मातेस आजीवन उपचार देण्याचे धोरण आहे. म्हणूनच गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत ही चाचणी व्हावी, असा आमचा आग्रह आहे.

बाळाचा प्रश्न अधिक नाजूक असतो. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे नेहमीच्या चाचणीवरून निश्चित काही सांगता येत नाही. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन विषाणूचीच तपासणी करावी लागते. ही तपासणी चुकली व उपचार लांबले, तर लागण झालेल्या बालकांपैकी जवळजवळ निम्मी दुसऱ्या वाढदिवसापूर्वी दगावतात.

मुलांच्या औषधांकडे मात्र जगाने फार उशिरा लक्ष दिले. श्रीमंत देशांत बाधित बालके थोडीच जन्मतात. मग त्यांच्यासाठी संशोधनावर खर्च कोण करणार? कित्येक वर्षे तान्ह्या मुलांना जे पातळ औषध पाजले जाई, त्यात ४० टक्क्यांहून अधिक मद्यार्क असे, चव अतिशय कडू असे आणि ते शीतपेटीत ठेवावे लागे. खेड्यातल्या आईने शीतपेटी कोठून आणावी? कॅरिटास इंटरनॅशनालिसने २००९ साली बालकांच्या उपचारांसाठी जागतिक मोहीम उघडून सरकारांना व औषध कंपन्यांना हाच जाब विचारला. २०१७ साली व्हॅटिकनमध्ये कार्डिनल पीटर टर्कसन यांच्या पुढाकाराने कंपन्यांचे प्रमुख व आरोग्य यंत्रणा एकत्र बसल्या. अखेर पाण्यात विरघळणाऱ्या, स्ट्रॉबेरीच्या चवीच्या डोल्युटेग्रॅव्हिर गोळीस २०२० साली मान्यता मिळाली. ती बनविणाऱ्या पहिल्या कंपन्यांत मुंबईची मॅक्लिऑड्सही आहे, हे आपल्या वाचकांस ठाऊक असावे.

औषध मिळाले तरी घर मिळतेच असे नाही. लागण बहुधा पतीकडून आलेली असते, दोष मात्र सुनेच्या माथी येतो. पतीच्या निधनानंतर तिला मुलांसह घराबाहेर काढले जाते. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा (अंमल १० सप्टेंबर २०१८ पासून) येथे उपयोगी पडतो. बाधित अथवा प्रभावित कुटुंबातील १८ वर्षांखालील मुलास सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, आणि त्याच्या मालमत्तेचे रक्षण करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. आईवडील नसल्यास, समजूतदार असलेले १२ ते १८ वर्षांचे भावंड शाळाप्रवेश, उपचार आदी बाबतींत धाकट्यांचे पालक म्हणून उभे राहू शकते. ही तरतूद आम्हांस विशेष मोलाची वाटते, कारण अनेक घरांत थोरली बहीणच आई झालेली असते.

संमतीवाचून कोणाची स्थिती उघड करण्यासही हा कायदा मनाई करतो. धर्मग्रामात आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना आजाराचे नाव घेऊ नये, ते याचसाठी. शाळेने प्रवेश नाकारल्यास किंवा रुग्णालयाने प्रसूतीस नकार दिल्यास लोकपालाकडे तक्रार करता येते. निर्णय ३० दिवसांत, तातडीच्या वैद्यकीय प्रसंगी शक्यतो २४ तासांत द्यावयाचा असतो. अर्ज लिहिता न येणाऱ्या मातेसाठी तो आपण लिहून द्यावा. प्राथमिक माहितीसाठी १०९७ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.