टोक्याचे बापूदेव शास्त्री आणि भास्कराचार्यांचें बीजगणित

वढू बुद्रुक येथें शंभुराजांच्या समाधीपुढें आपलें मस्तक आपोआप नम्र होतें. पराक्रमाची स्मृति जतन करण्याचा हा गुण खरोखर स्तुत्य आहे. परंतु इतिहास रणांगणावरच घडतो असें नाहीं. पाटीवर घडलेलाही एक इतिहास असतो, आणि त्यांतील पुरुषांस आपण लवकर विसरतों. वढूजवळून जाणारा पुणें-नगरचा रस्ता तसाच पुढें धरला, म्हणजे प्रवरा-गोदावरीच्या संगमाशीं टोकें हें गांव लागतें. बापूदेव शास्त्री हे या गांवचे. त्यांच्याविषयीं चार शब्द वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

बापूदेवांचा जन्म १८२१ सालचा. मूळचें नांव नृसिंह. बाळपणीं ते नागपुरास मराठी शाळेंत शिकले, आणि तेथेंच धुंडिराज मिश्र या कान्यकुब्ज पंडितांजवळ त्यांनीं भास्कराचार्यांची ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ हे ग्रंथ अभ्यासिले. त्यांची बुद्धि पाहून लान्सेलट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्यानें १८३८ सालीं त्यांस सीहोर येथील पाठशाळेंत नेलें. आपल्या सिद्धांतग्रंथांच्याच पायऱ्यांनीं विद्यार्थ्यांस नव्या ज्योतिषापर्यंत चढवितां येईल, अशी या गृहस्थाची श्रद्धा होती. सीहोरास बापूदेवांनीं सिद्धांतांबरोबर युक्लिडाची भूमितीही शिकून घेतली. आणि पुढें लवकरच काशीच्या सरकारी संस्कृत पाठशाळेंत ते अध्यापक झाले.

त्यांनीं ज्या बीजगणितावर बुद्धि पोसली, त्याची योग्यता एका उदाहरणानें कळेल. अशी एक संख्या काढा कीं, तिच्या वर्गास ६१ नीं गुणून त्यांत १ मिळविला असतां पुन्हा पूर्ण वर्गच व्हावा. प्रश्न दिसावयास पोरखेळ. पण वाचकांनीं पाटी घेऊन बसावें म्हणजे त्याची खोली समजेल. भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास हाच प्रश्न घालून तो ‘चक्रवाल’ पद्धतीनें सोडविला. प्रथम जवळचा वर्ग घ्यावयाचा: ६१ मध्यें ३ मिळविले कीं ६४, म्हणजे ८ चा वर्ग. या मिळविलेल्या ३ ला ‘क्षेप’ म्हणतात. आतां चक्र एकदां फिरविलें कीं ५ ही संख्या येते: ५ चा वर्ग गुणिले ६१ म्हणजे १५२५, आणि त्यांतून ४ वजा केले कीं १५२१, म्हणजे ३९ चा वर्ग. याप्रमाणें क्षेप ऋण ४ झाला. क्षेप ४ वर आला म्हणजे ब्रह्मगुप्ताच्या ‘भावने’नें तो १ वर आणतां येतो. उत्तर येतें २२,६१,५३,९८०. आणि त्यावरून होणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा. यापेक्षां लहान उत्तर धन पूर्णांकांत नाहीं! फर्मा या फ्रेंच गणितज्ञानें युरोपांतील पंडितांस हाच ६१ चा प्रश्न घातला तो १६५७ सालीं.

असा वारसा हातीं असतां बापूदेवांनीं काय केलें? तो त्यांनीं पोथींत बांधून ठेविला नाहीं. विद्यार्थ्यांसाठीं त्यांनीं हिंदींत अंकगणित व बीजगणित लिहिलें, ‘सूर्यसिद्धांता’चें इंग्रजी भाषांतर केलें, आणि १८६६ सालीं ‘सिद्धांतशिरोमणी’ची शोधित आवृत्ति काढिली. जुन्या विद्येस नवी भाषा आणि नव्या विद्येस जुनी ओळख मिळावी, असा त्यांचा उद्योग होता.

याच उद्योगांत एक वाद उपस्थित झाला, आणि तो आजही विचार करण्यासारखा आहे. १८५८ सालीं बापूदेवांनीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत असें प्रतिपादिलें कीं, ग्रहाची तात्कालिक गति काढतांना भास्कराचार्यांनीं जी रीति योजिली, तींत चलनकलनाचें तत्त्व आहे. त्यावर स्पॉटिसवुड या इंग्रज गणितज्ञानें १८६० सालीं उत्तर दिलें. भास्कराची सूक्ष्म दृष्टि त्यानें मान्य केली. पण अतिसूक्ष्म अंतरांची कल्पना तेथें स्पष्टपणें सांगितलेली नाहीं, म्हणून संपूर्ण शास्त्राचें श्रेय देतां येत नाहीं, असें त्याचें म्हणणें पडलें.

आमच्या मतें या वादांत कोणाचीही मानहानि झाली नाहीं. स्वदेशीय ग्रंथांतील रत्न जगापुढें ठेवण्याचें धैर्य बापूदेवांनीं दाखविलें, आणि त्याची पारख खुल्या सभेंत झाली. वारसा सांगावयाचा तर असाच. चक्रवालासंबंधीं देखील हाच न्याय लावला पाहिजे. ती रीति फर्माच्या पूर्वीं पांचशें वर्षांची आहे, हें निर्विवाद. परंतु असा प्रश्न प्रत्येक अवर्ग संख्येसाठीं सुटतोच, याची सिद्धता लाग्रांज यानें अठराव्या शतकांत दिली, हेंही तितकेंच खरें. एक श्रेय घेण्यासाठीं दुसरें नाकारण्याचें कारण नाहीं.

बापूदेवांस १८८७ सालीं ‘महामहोपाध्याय’ ही पदवी मिळाली, आणि १९०० सालीं ते निवर्तले. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें मठ स्थापिल्याचें चाळीसगांवाजवळील पाटणच्या शिलालेखांत नमूद आहे. तसा मठ आज उभारण्याची आवश्यकता नाहीं. घरांतील मुलांपुढें एखाद्या संध्याकाळीं ६१ चा प्रश्न ठेवावा, आणि ५ चा वर्ग त्यांच्याकडूनच पडताळून घ्यावा. ३९ चा वर्ग त्यांच्या हातून जुळला म्हणजे टोक्याच्या या पुरुषाची गोष्ट त्यांस सांगावी.